नावासकट की नावाशिवाय

"नावासकट की नावाशिवाय?" पोलबाईंनी विचारलं. कॉफीत दूध घालू का, असं विचारावं तितक्या सहज. अंत्यविधीच्या त्या कार्यालयात खिडकीशी कापडी लिलीची फुलं होती, त्यांच्या पाकळ्यांच्या घड्यांत धूळ साचली होती, आणि मी त्या धुळीकडेच पाहत होते. माझ्या तोंडून लगेच निघालं, "नावाशिवाय." पोलबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "हल्ली बरेच जण ती बिननावाची हिरवळच घेतात. बरं पडतं. निगा राखायला नको, दगड नको, भांडणं नकोत. फक्त एक सांगून ठेवते, दफनाला कुणाला येता येत नाही आणि कलश नेमका कुठे पुरला ते आम्ही सांगत नाही. आम्हालाही सांगत नाहीत. गवत कापणाऱ्याला तर मुळीच नाही." हा त्यांचा नेहमीचा विनोद असावा, कारण त्या थांबल्या, मी हसले नाही तेव्हा पुढे म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत विचार बदलू शकता. मुलगी म्हणून तुम्हीच ठरवायचं. दुसरं कुणी नाही ना?" मी म्हटलं, दुसरं कुणी नाही. आणि हेही तितक्याच चटकन म्हटलं.

बाहेर आल्यावर मला कळेना की मला काय झालंय. ट्राम आली, दारं उघडली, मी चढले नाही. रडू येत नव्हतं; हॉस्पिटलमध्येच ते संपलं होतं. हे वेगळं होतं. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. मी किती पटकन बोलले होते. वर्गात पोरांना मी नेहमी सांगते, इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर फार लवकर सुचलं तर ते तुमचं नाही, कुणाचं तरी ऐकलेलं आहे. 'नावाशिवाय' हे उत्तर आमच्या घरातलं होतं. दारावर कुणी आलं आणि विचारलं, तू कुणाची, तर म्हणायचं, आईची. आईचं नाव काय, तर म्हणायचं, ती कामावर गेलीय. शाळेत मार्लीसबद्दल विचारलं तर म्हणायचं, मावशी. हे सगळं मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं, जिन्यातल्या ओल्या कोळशाच्या वासासारखं ते अंगाला लागलं होतं. आमच्या हाल्ले शहरात आता तो वास नाही, पूर्व जर्मनीचं राज्य गेल्यावर लोकांनी गॅसच्या शेगड्या घेतल्या, नदीवरचा कारखान्यांचा फेसही गेला. पण मला त्या थांब्यावर उभं असताना तो आला, नाकात नव्हे, टाळूला.

आईने मात्र खरंच सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये, जेवणाचा कागद हातात घेऊन. त्या कागदावर 'शिजवलेले बटाटे' मधलं एक अक्षर चुकलं होतं आणि तिने पेन्सिलीने ते दुरुस्त केलं होतं, नर्स हसून म्हणाली होती, "आनेग्रेटबाई, तुम्ही बऱ्या झालात की तुम्हाला स्वयंपाकघरातच नोकरी देऊ." आयुष्यभर आईने जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. पिकांचे आकडे, भाषणं, शेवटच्या पानावरच्या लग्नाच्या जाहिराती. नर्स गेल्यावर ती म्हणाली, "हिरवळीवर ठेव मला. नाव नको. दगड कोरणारे फार चुका करतात." मी हसले. पलंगाच्या पलीकडे मार्लीस बसली होती, तिने मोसंबं सोलणं थांबवलं आणि साल बराच वेळ नखाने दाबत राहिली. ती बोलली नाही हे मला त्या वेळी दिसलं होतं, पण दिसणं आणि लक्षात घेणं यांत मी तेव्हा अंतर ठेवलं होतं. माणूस मरत असताना सगळंच लक्षात घेतलं तर उभं राहता येत नाही.

मी पायीच घराकडे निघाले, म्हणजे आईच्या घराकडे, म्हणजे आता मार्लीसच्या. वाटेत आठवत राहिले ते त्या घरातले रविवार. मी दहाएक वर्षांची असताना मार्लीस आमच्याकडे राहायला आली. त्याआधी वडील गेले होते, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बायकोकडे. त्याबद्दल घरात कुणी आवाज चढवला नव्हता. मार्लीस ट्राम चालवायची. तिचा गणवेश खुंटीला असे आणि त्याला वंगणाचा आणि पेपरमिंटचा वास येई. दोन बायकांना मिळून घर मिळत नसे, म्हणून कागदोपत्री ती तिच्या भावाकडेच राहत होती. रविवारी दुपारी रेडिओ मोठा लागायचा, पितळी वाद्यांचं काहीतरी, आणि आई जमिनीवर पोटावर पडून लिहायची. टेबल असताना जमिनीवर का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "टेबलावर मी दुसऱ्यांच्या चुका काढते." लिहून झालं की ती मार्लीसला वाचून दाखवायची, रेडिओच्या आवाजाखाली, ओठ तिच्या कानाशी नेऊन. दुरून पाहणाऱ्याला ते दोघींचं लाडात येणं वाटलं असतं. ते लाडात येणंही होतंच. पण त्यात पूर्णविराम कुठे आणि स्वल्पविराम कुठे यावर भांडणही असे, आणि मार्लीस म्हणायची, "अगं बाई, मला फक्त लाल आणि हिरवा कळतो. तू ठरव कुठे थांबायचं ते."

ते पत्रक होतं. 'तळटीप' त्याचं नाव. चर्चच्या तळघरात सायक्लोस्टाइल यंत्र होतं, आणि पाद्रीबाई धीट होत्या, त्या बायकांना ते वापरू देत. प्रत्येक पानाच्या खाली छापावं लागे, 'फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी.' एवढी ओळ असली की सरकारच्या परवान्याशिवाय काही प्रती काढता येत, निदान पकडल्यावर तसं म्हणता येई. ज्या बायका देवाला मानत नव्हत्या त्याही त्या ओळीखाली दाटीवाटीने राहत होत्या, पावसात एका छत्रीखाली राहावं तसं. मार्लीस प्रती ड्रायव्हरच्या बैठकीखाली ठेवून गावभर न्यायची. पोलीस पुढच्या दाराने चढत आणि तिला 'नमस्कार, कॉम्रेड' म्हणून तिच्या पाठीशी उभे राहत. तिला ही गोष्ट सांगायला फार आवडायची. आईने ती शंभरदा ऐकली असेल आणि दर वेळी ती नव्याने घाबरायची.

घरी पोचले तेव्हा मार्लीस फोनपाशी उभी होती, रिसीव्हर छातीशी धरून. "तुझ्यासाठी आहे," ती म्हणाली, आणि नाव उच्चारलं नाही, नुसते ओठ हलवले: गेझिने. गेझिनेला मी लहानपणी पाहिली होती. उंच, खरखरीत आवाजाची, विद्यापीठात शिकवायची, आमच्याकडे येताना मला नेहमी रशियन चॉकलेट आणायची. मग एकदा यायची थांबली. पत्रकातल्या सगळ्याच बायका यायच्या थांबल्या, त्या सप्टेंबरनंतर. मला तेव्हा वाटलं होतं, मोठ्यांची भांडणं. फोनवर तिचा आवाज तसाच होता.

"पेपरात वाचलं," ती म्हणाली. "तुला म्हणून फोन केला. तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही."

"तुम्ही फोन केलात, बरं वाटलं," मी म्हटलं.

"बरं वाटू देऊ नकोस. मला एकच विचारायचंय. आता ती गेली आहे, आता तिला काही होणार नाही. ती कुणाला सांगायची?"

"काय सांगायची?"

"पोरी, तू आता लहान नाहीस. आम्ही सात जणी, तुझी आई धरून, स्टेशनवर हार घेऊन उभ्या होतो. सात जणींनाच माहीत होतं. गाडी यायच्या आधी त्यांनी आम्हाला उचललं. मला विद्यापीठातून काढलं, आत ठेवलं, इंगेचं घर गेलं. तुझ्या आईला काय झालं? तिची नोकरी राहिली. तू तिच्याकडेच राहिलीस. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने आम्हाला ओळख दिली नाही. गुप्त पोलिसांनी ठेवलेली माझी फाईल मी पाहिली आहे. निम्म्या ओळी काळ्या केल्यात. त्या काळ्या ओळींत कोण आहे, एवढंच मला हवंय. मी म्हातारी झाले."

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं. ती म्हणाली, "तिचीच पोर," आणि फोन ठेवला. रागाने नाही, दमलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवावी तसा.

मार्लीसने चहा ओतला होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिचे हात मोठे आहेत, ब्रेकच्या दांड्यावर अर्धं आयुष्य गेलेले, आणि कप त्यांत खेळण्यातला वाटतो. मी विचारलं नाही. मी फक्त सांगितलं की हिरवळीचं ठरवून आले, शुक्रवारनंतर बदलता येणार नाही, आणि कुठे पुरतात ते सांगत नाहीत. तिने कप खाली ठेवला.

"सांगत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे हिरवळ मोठी आहे. कडेला एक दगड आहे, सगळ्यांचा मिळून. तिथे फुलं ठेवायची."

"मग मी कुठे उभी राहू?" मार्लीस म्हणाली. "इल्का, मी कुठे उभी राहू?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने मला नावाने हाक मारली होती. एरवी ती मला 'चिमणे' म्हणते, अजूनही. मी म्हटलं, आईनेच सांगितलं होतं, तुझ्यासमोर सांगितलं. मार्लीस म्हणाली, "तिने तर खूप काही सांगितलं होतं. तिने मला शपथ घातली होती की तुला सांगायचं नाही. बावीस-तेवीस वर्षं झाली, मी पाळली. आता मी मोडणार आहे, आणि वर गेल्यावर ती माझी चूक लाल पेन्सिलीने काढील. काढू दे."

मग ती बोलली. ती सलग बोलत नाही, ट्राम थांबत थांबत जाते तशी बोलते. मी इथे जोडून घेते. नाझींच्या काळातल्या बायकांच्या जुन्या छळछावणीवर हार वाहायचा असं पत्रकातल्या बायकांनी ठरवलं होतं. सप्टेंबरमधल्या त्या रविवारी सरकारी हार, कारखान्यांचे हार, शाळांचे हार वाहिले जात. आपल्यासारख्या बायकाही तिथे मेल्या, त्यांच्या नावाने एकही हार नाही. तर आपण नेऊ. हाराच्या फितीवर छापायचं होतं, 'बायकांवर प्रेम करणाऱ्या ज्या बायका इथे मेल्या, त्यांच्यासाठी.' फीत छापणं फुलांच्या दुकानातच होई. आई गेली. दुकानातल्या मुलीने मजकूर वाचला, वर पाहिलं आणि म्हणाली, "ऑर्डर कुणाच्या नावाने?" तिथे कुणीही गल्लोगल्ली सापडणारं एखादं खोटं नाव सांगितलं असतं, म्युलर. सगळ्यांनी नंतर हेच म्हटलं असतं, कुणाला ठाऊक असतं तर. आईने आपलं नाव सांगितलं. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा सांगितलं, कारण लोक ते नेहमी चुकवत. आणि पत्ता. आणि केव्हा हवा विचारलं तेव्हा सांगितलं, रविवारी सकाळच्या गाडीआधी.

"तिला सुचलंच नाही," मार्लीस म्हणाली. "मी विचारलं तिला, अगं, काय केलंस तू हे? ती म्हणाली, माझ्या हातून चुकीचं नाव लिहवेना. भीती वाटत नव्हती तिला. ते चुकीचं होतं, बस. छापलेल्या कागदावर चुकीचं काही राहू द्यायचं नाही, एवढंच तिला येत होतं. फितीचं मुद्रितसुद्धा मागितलंन तिने तपासायला!" आणि मार्लीस हसायला लागली. तिला ते हसू आवरेना, आणि मलाही आलं, आणि आम्ही दोघी त्या टेबलाशी फुलवालीकडून हाराच्या फितीचं मुद्रित मागणाऱ्या माझ्या आईवर हसत राहिलो, मार्लीसच्या नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या सप्टेंबरची मला एक दुपार आठवते. घरी आलेला तो माणूस मला आठवतो. चेहरा नाही, तपकिरी चामडी जाकीट आणि बोटांवरचे आलुबुखाराच्या केकचे डाग. आईने त्याला केक दिला होता, कारण केक टेबलावर होता आणि माणूस टेबलाशी बसला होता. खिडकीतून गांधीलमाश्या येत होत्या, केकवर बसत होत्या, आणि तो त्यांना हाकलत नव्हता, तोंडाशी नेलेल्या तुकड्यावरची माशी उडून जाण्याची शांतपणे वाट पाहत होता. त्याने मला पोहण्याबद्दल विचारलं. मग विचारलं, वडिलांकडे मोठी बाग आहे ना? मी म्हटलं, मला माहीत नाही. मग आईने मला खाली पिठाचं दुकान उघडं आहे का पाहायला पाठवलं. रविवार होता, ते उघडं नव्हतं हे तिलाही माहीत होतं, मलाही. मी बंद दुकानासमोर उभी राहिले. काचेत माझं प्रतिबिंब होतं आणि पाठीमागे आमची खिडकी. एवढं मला कायम आठवत आलं, आणि मी ते कधी कशाला जोडलं नव्हतं. शिकवताना मी मुलांना म्हणते, घटना आणि तिचा अर्थ वेगवेगळ्या दिवशी येतात. हे मी कुठल्याशा जाड पुस्तकात वाचून म्हणत होते. ते असं असतं, नसलेल्या पायरीवर पाऊल टाकल्यासारखं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

मी खाली असताना तो वर बोलला ते मार्लीसने सांगितलं. ती आतल्या खोलीत होती, कपाटामागे, कारण ती त्या घरात राहतच नव्हती. तो म्हणाला, मुलीच्या वडिलांनी तिच्या ताब्यासाठी अर्ज केलाय, म्हणजे अजून नाही, पण करतील. त्यांच्याकडे नीट घर आहे, बायको आहे, बाग आहे. इथे काय आहे ते आम्ही मुलांच्या कल्याणवाल्यांना कळवू शकतो किंवा विसरू शकतो. आईने विचारलं, तुम्हाला काय हवंय? माझ्या मैत्रिणींबद्दल मी काही सांगणार नाही. तो म्हणाला, ते आम्हाला माहीत आहे, बाई, तुमच्या मैत्रिणींबद्दल तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त माहीत आहे. आम्हाला फक्त तुमचं नाव पुन्हा कुठे दिसता कामा नये. कुठल्या कागदावर, कुठल्या सहीखाली, कुणाच्या तोंडी. आई म्हणाली, ठीक. तो आणखी एक तुकडा खाऊन गेला.

"आणि तिने पाळलं," मार्लीस म्हणाली. "अक्षरशः पाळलं. नाव दिसलं नाही. लिहिणं कुठे थांबवलंन? ती लिहायची, मी ते तळघरात नेऊन टाईप करायची, माझं म्हणून. बाकीच्या बायका म्हणायच्या, मार्लीस, तुझ्यात लेखिका लपली होती गं! गेझिने सुटून आल्यावर मला मिठी मारून म्हणाली, तुझ्या त्या घरांच्या लेखाने मी आत जगले. माझा लेख! मला भावाला पत्र लिहायचं तर घाम फुटतो."

तो लेख मला माहीत होता. पाच वर्षांपूर्वी, बर्लिनची भिंत पडल्याला दहा वर्षं झाली म्हणून, ग्रंथालयात त्या काळच्या चोरट्या पत्रकांचं प्रदर्शन भरलं होतं. काचेखाली 'तळटीप'ची पानं होती, जांभळट, कडा वितळल्यासारख्या झालेल्या. आई, मी आणि मार्लीस गेलो होतो. त्यात ते वाक्य होतं: 'कायद्यात आमच्याबद्दल एक शब्द नाही, म्हणून आम्ही गुन्हेगार नाही; घरवाटपाच्या नियमांतही एक शब्द नाही, म्हणून आम्ही नाहीच.' खाली चिठ्ठी: लेखिका, मार्लीस हॅकर्ट. आई काचेवर वाकून वाचत होती. मी म्हटलं, मार्लीस, हे तू लिहिलंस? आणि मार्लीसचं तोंड लाल झालं, आणि आई न वळता म्हणाली, "चांगलं लिहिलंय. दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त आहे." त्या दिवशी परतताना ती खूश होती. आम्ही आईस्क्रीम खाल्लं. मला वाटलं, मार्लीसचा अभिमान वाटतोय.

"मग भिंत पडल्यावर का नाही सांगितलं?" मी विचारलं. "नंतर कोण येणार होतं तिला विचारायला?"

"गेझिने आली असती. विचारलं असतं, का गं सोडून गेलीस? मग सांगावं लागलं असतं, पोरीसाठी. मग तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे. ती म्हणायची, इल्काच्या डोक्यावर हे ठेवायचं नाही. आणि दुसरं म्हणजे..." मार्लीस थांबली. "पकडल्या गेल्या त्या खरंच तिच्यामुळे. फितीमुळे. दुकानातून ती ऑर्डर थेट त्यांच्याकडे गेली. तिने फितुरी केली नाही, पण गेलं ते तिच्याच नावावरून. ती म्हणायची, निकाल बरोबर आहे, कारण चुकलंय. ते दुरुस्त करायला गेले तर बाकीचं वाचतील. आमचं नातं नोंदवू म्हणून मी मागे लागले, नवीन कायदा झाला तेव्हा. म्हणाली, मार्लीस, मी सही करत नाही. मी आता कुठे सही करत नाही." मग तिने ओल्या कपाची कड बोटाने पुसली आणि म्हणाली, "मला तिच्याशेजारी जागा नको. मी माझी हाडं कुठेही टाकेन. पण तिचं नाव असलेली एक जागा मला हवी. तिची वाक्यं माझ्या नावाखाली आहेत. निदान ती तरी तिच्या नावाखाली असू दे."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी शुक्रवारपर्यंत ठरवू शकले नाही. लायपझिगला जाऊन तास घेतले, परत आले. मनात आईशी भांडत होते, आणि ती जिवंत असताना आम्ही कधी भांडलो नव्हतो. हिरवळ तिने मागितली होती. हिरवळीवर कुणी तिला काही म्हणू शकणार नव्हतं. गवतावर थुंकता येत नाही, म्हणजे येतं, पण कुणावर थुंकलो ते कळत नाही. नाव घातलं तर गेझिने येईल, इंगे येईल, कुणी येऊन खडूने काही लिहील. आणि मला सांगावं लागेल. ज्या एका गोष्टीपासून तिने मला वाचवलं ती मीच उचलून चारचौघांत न्यायची. तिने माझ्यासाठी स्वतःला पुसून टाकलं होतं. मी ते पुसणं उलटवलं तर तिचं सगळं आयुष्य फुकट जातं का? की मी ते तसंच ठेवलं तर तो जाकीटवाला अजून टेबलाशी बसून केक खातोय? मला कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की पोलबाईंना उत्तर देताना मी आईचं ऐकलं नव्हतं. मी त्याचं ऐकलं होतं. तो म्हणाला होता, नाव दिसता कामा नये, आणि इतक्या वर्षांनी, तो कुठे पेन्शन खात असेल किंवा मेला असेल, मी एका अनोळखी बाईसमोर त्याची अट पाळली होती, आनंदाने, चटकन.

शुक्रवारी मी पोलबाईंकडे गेले. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. "होतं असं," म्हणाल्या. "पहिलं उत्तर धक्क्याचं असतं. दगड बसेपर्यंत लाकडी फळी लावू. नाव सांगा, अक्षरागणिक." मी सांगितलं. आडनावातलं ते अक्षर, लोक चुकवतात ते, मी दोनदा सांगितलं. पेपरात दिवस आणि वेळ दिली. मार्लीसने खुंटीवरचा जुना गणवेशाचा कोट काढून ब्रशने साफ करायला घेतला. दुसरा काळा कोट तिच्याकडे नव्हता.

गेझिने आली. एकटी. चर्चमधल्या कुणी आल्या नाहीत, पाद्रीबाई केव्हाच गेल्या. वर्तमानपत्रातले दोन म्हातारे सहकारी होते, ते लांब उभे राहिले. खड्डा लहान होता, कलशापुरता, इतका लहान की मला तो झाकून टाकावासा वाटला. बोलायला कुणाला बोलावलं नव्हतं. मी बोलले. मी कागद घेतला नव्हता. मी हाराच्या फितीबद्दल सांगितलं, फुलांच्या दुकानाबद्दल, केकबद्दल. मी म्हटलं, ती माझ्यासाठी गप्प राहिली आणि ती गप्प राहिली नाही. 'तळटीप'मधले मार्लीसचे सगळे लेख तिचे आहेत. मार्लीस मोठ्याने म्हणाली, "हो." झाडांत कावळे होते.

मग गेझिने माझ्याजवळ आली. तिचे केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मार्लीसने."

"आणि मार्लीसला?"

मार्लीस पुढे होऊन म्हणाली, "मी कपाटामागे होते, गेझिने. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"तू तिच्यावर प्रेम करत होतीस," गेझिने म्हणाली. "तू काहीही ऐकलं असतंस." मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, रशियन चॉकलेट देताना पाही तसं, डोकं एका बाजूला करून. "फुलांच्या दुकानात खरं नाव. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला. खोटं रचायचं तर कुणी इतकं खुळ्यासारखं रचणार नाही. पण आम्ही सगळ्या तेव्हा खुळ्याच होतो, आणि त्यांना खुळेपणा रचताही यायचा. मला नाही ठरवता येत, पोरी. माझ्याने आता ठरवणं होत नाही."

ती खड्ड्याशी गेली. बाजूला मातीचं घमेलं होतं, प्रत्येकाने मूठभर टाकायची. तिने मूठ भरली आणि तशीच उभी राहिली, फळीवरचं नाव वाचत. एकदा नाही, तिचे ओठ पुन्हा पुन्हा हलताना मला दिसले. मला वाटलं टाकील. ती वळली आणि तशीच बंद मुठीने वाटेने निघाली, फाटकाकडे, आणि तिच्या बोटांच्या फटींतून माती थोडी थोडी सांडत राहिली. कुणी तिला हाक मारली नाही.

"गेली," मार्लीस म्हणाली.

"आली होती," मी म्हटलं.

मार्लीसने मोठ्या हातांनी घमेलं उचललं आणि बाकीची सगळी माती स्वतःच ओतली.